पाताळात ब नाही

मालनबाई मगदूम यांचा डोळा लागायच्या बेतात आहे. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात दोन बाकं जोडून त्या आडव्या झाल्या आहेत. उशाला पर्स, डोळ्यांवर पदर. मे महिन्यातली सांगलीची दुपार. वरचा पंखा फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. बाहेर व्हरांड्यात राक्षस डबे उघडून बसलेत. एकाच्या डब्यात भरली वांगी आहेत आणि बाकीच्या राक्षसांना आपापल्या डब्यांचा वीट आलाय.

हे राक्षस एरवी कुणी बँकेत, कुणी मेडिकल दुकानात, कुणी पाटबंधारे खात्यात. रविवार म्हणून सकाळपासून तालीम आहे. स्पर्धेचं नाटक पाताळात घडतं, आणि पाताळातल्यांनी मराठी बोलायचं नाही असं दिग्दर्शक तन्मयच्या मनानं घेतलं. मग भाषा बनवायची कुणी? तर शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या मगदूम बाईंनी. बाईंना घरी फारसं काम नव्हतं आणि कुणी 'मॅडम' म्हणून चारचौघांत विचारलं की नाही म्हणायची सवयही नव्हती. पण त्यांनी भाषा बनवली ती अशी, की तन्मय दोन दिवस नुसता तिच्याबद्दलच बोलत होता.

सकाळी त्यांनी सगळ्यांना गळ्यावर बोट ठेवायला लावलं.

"म्हणा प."

सगळे म्हणाले.

"आता ब. बोटाखाली काहीतरी थरथरलं ना? ती थरथर पाताळात बंद. ब नाही, ग नाही, द नाही. म नाही, ल नाही, न नाही. स्वर म्हणताना नुसता तोंडाचा आकार करायचा. ह सुद्धा चालणार नाही, त्याला छातीतला वारा लागतो. मग राहिलं काय? गालातली हवा, ओठ, दात आणि जीभ. प, त, ट, क, च. आणि जीभ टाळूला लावून सोडली की होतो तो टक्."

"मॅडम, हे सुचलं कसं तुम्हाला?" मेडिकलवाल्या राक्षसानं विचारलं.

"अभ्यासानं."

अभ्यास खरा होता, फक्त पुस्तकातला नव्हता. मालनबाईंचे यजमान सुकुमारआण्णा मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारायचे. नाव सुकुमार, आणि आवाज असा की यार्डाच्या पत्र्यावरची कबुतरं आण्णांच्या पहिल्या हाकेला उडायची ती सौदे संपल्यावरच परत बसायची. तंबाखूनं गळा खाल्ला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, श्वासापुरतं मानेला भोक ठेवलं. तिथून शेवटापर्यंत आण्णा जे उरलं होतं त्यावर बोलले. गालातली हवा, ओठ, दात आणि जीभ. ती बोली जगात एकट्या मालनबाईंना कळायची. आता ती पाताळात लागू झाली, आणि जाहिरातीत 'भाषा: सौ. मालन मगदूम' असं छापून येणार आहे. 'श्रीमती' करा, असं तन्मयला सांगायचं त्यांच्या जिवावर आलंय, कारण मग तो आण्णांबद्दल विचारेल.

अडलंय ते एकाच ठिकाणी.

"पाताळात सगळे असे फुसफुसणारे," तन्मय डबे उघडता उघडता म्हणाला, "पण राजाला आवाज आहे. शेवटच्या प्रवेशात तो एकदाच गळ्यातनं आरोळी देतो. प्रेक्षकांचं पोट हललं पाहिजे. मॅडम, ती तुम्ही करून दाखवा, जयवंत उचलेल."

जयवंत म्हणजे राजा. त्यानं वांग्याच्या फोडीसकट मान हलवली.

"चहाच्या वेळी देते," मालनबाई म्हणाल्या.

द्यायचं काय ते त्यांच्या मनात कधीच ठरलं होतं. आण्णांची सौद्याची हाक. उभा संसार ती हाक ऐकण्यात गेला. आणि सकाळपासून त्या ती आठवून बघतायत तर ती येतच नाही. ऑपरेशननंतरचा जिभेचा टक् न् टक् आठवतो, पण आधीचा आवाज ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसा गेलाय. घरात त्याची टेप नाही, फोनमध्ये तो नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज जपून कोण ठेवतं? तो कधी बंद होईल तर बरं, असंच घरच्यांना वाटत असतं.

म्हणून डोळा लागत नाही. पदराखालचा उजेड तांबूस होत जातो. पंख्याची कुरकुर लांब जाते, परत येते, पुन्हा लांब जाते. व्हरांड्यात कुणीतरी पाताळातलं घोकतंय. क्त. प्च. टप. आणि त्याच्यातच, अगदी कानाशी: टक् टक्, प्.

हे घोकणं नाही. ही हाक आहे. 'मालन' या नावातलं एकही अक्षर ऑपरेशननंतर आण्णांना निघायचं नाही, म्हणून ते तिला असं बोलवायचे.

बाई, मॅडम, श्रीमती हे सगळं बाकावरच राहतं आणि नुसती मालन उठते.

"आले," ती म्हणते.

ती स्वयंपाकघरात आहे. गॅसवर दूध ठेवलंय. समोर चित्रकलेच्या वर्गातलं बाक आहे आणि त्यात गुडघे पोटाशी घेऊन आण्णा कसेबसे मावलेत. गळ्यावर रुमाल आहे, तिनंच क्रोशानं विणलेला, निळ्या काठाचा. असे सगळे रुमाल तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्याबरोबर चितेवर ठेवले होते. हे तिला आठवतं, पण इथं ते विचारण्यासारखं वाटत नाही.

"जेवलात?" ती विचारते.

आण्णांचे ओठ हलतात. आवाज नाही, पण तिला कळतं. हात जसे रोजचं काम विसरत नाहीत, तशी ही सवयही गेलेली नाही.

"राक्षस केलंस व्हय गं मला?" आण्णा म्हणतात. "एक असता तर चाललं असतं. टोळीच केलीस."

"भाषा केली मी. तुम्हाला कुठं घेतलं त्यात?"

"तेच की. तोंड घेतलंस आणि माणूस सोडलास. आणि तोंड तरी पुरतं घ्यायचं. मी च म्हणताना गळ्यातनं फुस्स व्हायचं, ते कुठाय?"

"ते कानाला बरं वाटत नाही."

"न्हाई ना? मला चोवीस तास ऐकायला होतं."

दूध वर येतंय. ते पातेल्याच्या काठावर येऊन थांबतं आणि तसंच उभं राहतं. भिंतीच्या फरशा हिरव्या झाल्यात, दवाखान्यातल्या असतात तशा. बाकांची रांग लांबवर गेलीय. प्रत्येक बाकावर गळ्याला रुमाल बांधलेला एकेक जण बसलाय आणि सगळे गळ्यावर बोट ठेवून वाट बघतायत. मालनकडे बघतायत. तिनं काहीतरी म्हणायला सांगावं म्हणून.

"अहो," ती घाईनं म्हणते, "एक हाक द्या ना. जुनी, यार्डातली."

"कशाला?"

"राजाला हवीय."

आण्णा हसतात. म्हणजे खांदे हलतात आणि रुमाल फडफडतो. "मला वाटलं तुला हवीय."

"मलाही हवीय."

"आधी राजाला, मग तुलाही. तो 'ही' लई उशिरा आला गं."

"सकाळपासून आठवतेय. येत नाही." मालनचा स्वर बारीक होतो. तो एरवीही बारीकच. आण्णा चारचौघांत म्हणायचे, आमची मास्तरीण वर्गात शिकवते तेव्हा पोरं फळ्याकडं बघून ओळखतात की तास सुरू झालाय. लोक हसायचे. तीही हसायची, कारण तेवढ्या आवाजात दुसरं काही करता यायचं नाही.

"माझ्यापाशी न्हाई, तुझ्यापाशी न्हाई," आण्णा म्हणतात. "पण माझा आवाज एकाकडं शिल्लक होता. कुणाकडं, सांग बघू."

ती दाराकडं बघते. सांगावं लागत नाही, कारण बाळगोंडा दारात उभा आहे.

बाळगोंडा यार्डात पोती तोलायचा. आण्णांचा जुना दोस्त. त्याला आण्णांची नक्कल हुबेहूब यायची. ऑपरेशननंतर तो रोज संध्याकाळी यायचा, समोर बसायचा आणि आण्णांच्या आवाजात सौदा पुकारायचा. आण्णा हलून हलून डोळे पुसायचे. ते हसत होते की रडत होते, हे मालननं कधी नीट पाहिलं नाही. तिला वेगळंच सुख सापडलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला घरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. स्वतःच्या बांगड्या ऐकू येत होत्या. आणि आण्णांना काय म्हणायचंय हे आता सगळे तिलाच विचारत होते. नणंद आली की आण्णा तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचे, आणि मालन सांगायची, तुमची फार आठवण काढतात. नणंद निवांत व्हायची, साडी देऊन जायची. अशा घरात संध्याकाळ झाली की तो आवाज परत यायचा, बाळगोंडाच्या तोंडून.

"वहिनी, काय म्हणतोय ह्यो?" बाळगोंडा दारातून विचारतो. त्याचं तोंड नीट दिसत नाही, टोपी दिसते.

आण्णांचे ओठ हलतात. "बस म्हण त्याला. जेवूनच जा म्हण."

मालनला आज तसंच सांगायचंय. बसा, जेवून जा. शब्द जिभेवर आलेत. ती तोंड उघडते आणि स्वतःचा आवाज ऐकते.

"दमलेत. रोज येऊ नका म्हणतात."

"असं म्हणतोय?" बाळगोंडा आण्णांकडं बघतो. आण्णा दोन्ही हात हलवतात, नको नको असे, आणि ते हात त्याला जा, जा असे दिसतात. टोपी वळते. दारापलीकडं जिना आहे, जिन्याखाली नदीचा घाट आहे, आणि बाळगोंडा पाण्यात उतरत जातो तसा कमी होत जातो.

"तोही मेला," आण्णा म्हणतात. "जाताना माझा आवाज घेऊन गेला."

"मी बसा म्हणणार होते."

"तेव्हाबी म्हणणारच होतीस."

मालन खाली बघते. पायाखाली हळद आहे. घोट्यापर्यंत पिवळी भुकटी, आणि दोन्ही बाजूंना पोत्यांच्या थप्प्या. यार्ड आहे. कबुतरं पत्र्यावर गप्प बसलीत. पांढऱ्या टोप्यांचे खरेदीदार भिंतीला टेकून उभे आहेत, गावाला जायची गाडी चुकलेल्या माणसांसारखे.

"देतो हाक," आण्णा म्हणतात. "पण यार्डात फुकट काय मिळत न्हाई. सौदा कर."

"काय हवंय तुम्हाला?"

आण्णा गळ्याचा रुमाल सोडतात. भोक दिसतं. त्यातून वारा येतो आणि त्या वाऱ्याला हळदीचा वास आहे. ते तिचा हात हातात घेतात आणि वरून रुमाल टाकतात.

हे ती ओळखते. जुन्या लोकांचा सौदा असाच. बोलायचं काहीच नाही. रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबायची. कुठलं बोट, कुठलं पेर, किती वेळ दाबलं, यावर भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला नुसता हलणारा रुमाल दिसतो. आण्णांनी तरुणपणी असे ढीगभर सौदे केले. मालननं ते लांबून पाहिले, पण बोटांची भाषा तिनं कधी शिकून घेतली नाही. ज्या भाषेत तोंडच नाही ती कसली भाषा, असं तिचं मत होतं.

रुमालाखाली आण्णा तिची दोन बोटं धरतात. सोडतात. अंगठ्याचं पेर दाबतात. मग सगळी मूठ आवळतात, दुखेल इतकी, आणि तशीच धरून ठेवतात.

"कळलं?" त्यांचे ओठ विचारतात.

कळलेलं नाही. पण मालन मगदूमनं आयुष्यात कुणापुढं, वर्गात, घरात, डॉक्टरांपुढं, 'मला कळलं नाही' असं म्हटलेलं नाही. ऑपरेशननंतरच्या त्या वर्षांत निम्म्या वेळा तिला काही कळलेलं नसायचं. ती मान हलवायची आणि लोकांना जे बरं दिसेल ते सांगून टाकायची. सगळे तिचं कौतुक करायचे. बाई, तुम्हाला कसं कळतं हो.

"कळलं," ती म्हणते.

"बघ हं. यार्डात शब्द फिरत न्हाई."

"कळलं म्हटलं ना."

"कबूल?"

"कबूल."

आण्णा रुमाल उचलतात, झटकतात आणि तिच्या गळ्याला बांधतात. मानेमागं पोत्याच्या तोंडाला मारतात तशी गाठ मारतात. त्यांची गाठ हातानं कधीच सुटायची नाही, तिला दर वेळी कात्री लागायची. रुमाल ओला आहे. गार लागतो.

मग ते सरळ उभे राहतात आणि छाती भरतात. झोपणाऱ्याचा डोळा मिटावा तसं मानेवरचं भोक मिटतं.

"मा..."

तो आवाज जमिनीतून येतो. आधी हळदीची भुकटी हलते, मग तिचे तळपाय, मग पोट. कबुतरं एकदम उडतात. तोच आहे. 'आ' लांबवला की शेवटी त्याला बारीक चीर जायची, जुन्या ढोलाला जाते तशी. ती चीर ती विसरली होती. विसरली होती म्हणून बाकीचं आठवत नव्हतं. मालनचे डोळे भरून येतात. इतका मोठा, इतका देखणा आवाज, आणि त्यात तिचं नाव आहे.

"मालन," आण्णा पुकारतात, "एक वार."

यार्डात कुणी हलत नाही.

"घरचा माल, मंडळी. निवडून आणलेला. शिकलेला हाय. आवाज बारीक, पण दुसऱ्याच्या तोंडात लई चालतो. हात लावून बघा, लाजू नका."

एक खरेदीदार भिंत सोडून येतो. हळकुंड घ्यावं तसं तो तिचं बोट घेतो. आतला रंग बघायला हळकुंड मोडतात, तसं वाकवून बघतो. मग सोडून देतो आणि हात धोतराला पुसतो.

"मालन, दोन वार. कोण न्हाई? वजनाला तरी घ्या."

तिला सांगायचंय की असू दे, नका घेऊ कुणी, फक्त असंच पुकारत राहा. ती तोंड उघडते. आतून काही येत नाही. ओठ मिळतात, सुटतात. प. जीभ टाळूला लागते. टक्. आण्णा तिच्या ओठांकडं बघतात. बराच वेळ बघतात. त्यांना सगळं कळतंय हे तिला दिसतं. ते लोकांना काहीच सांगत नाहीत.

"मालन," ते म्हणतात, आणि आवाजातली ती चीर आता पत्र्यापासून तिच्या छातीपर्यंत जाते, "तीन वार."

तळहात बाकावर आपटतो.

चहाचा ग्लास आहे. तन्मयनं तो बाकावर जरा जोरात ठेवलाय.

"मॅडम, उठता ना? चहा."

मालनबाई उठून बसतात. पंखा कुरकुरतोय. उन्हाची पट्टी फळ्यापर्यंत सरकलीय. राक्षस ग्लास घेऊन आत येतायत, जयवंत मिशा पुसतोय. आणि मालनबाईंच्या डोक्यात तो आवाज आहे, पुरता, चिरेसकट. कडेपर्यंत भरलेली कळशी न्यावी तशा त्या मान न हलवता बसून राहतात. सांडायच्या आत दिला पाहिजे. त्या जयवंतकडं बोट करतात, छाती भरतात आणि तोंड उघडतात.

"प."

"प," सगळे राक्षस एका दमात म्हणतात. सकाळपासून तयार झालेत.

मालनबाई मान हलवतात. पुन्हा छाती भरतात. श्वास येतो आणि जातो, पण वाटेत कुठं काही थरथरत नाही. त्या गळ्यावर बोट ठेवतात, आणि बोटाला कातडी लागत नाही, दोरा लागतो. क्रोशाची वीण. निळा काठ. मध्यावर, जिथं आण्णांचं भोक असायचं तिथं, रुमाल ओला आहे आणि काठावर पिवळ्या अंगठ्याचा ठसा आहे.

"घसा बसला का मॅडमचा?" मेडिकलवाला म्हणतो. "रुमाल बांधलाय बघा. मिठाच्या गुळण्या करा, मॅडम. सकाळपासून ओरडतायत आपल्यासाठी."

त्या उठतात, जयवंतचा हात धरतात, त्याचं बोट त्याच्याच गळ्यावर ठेवतात आणि दाबतात. इथून. इथून काढ. त्यांचे ओठ सगळं सांगतात, जमिनीतून कसा येतो, पोटात कसा हलतो, शेवटी चीर कशी जाते. बाहेर पडतं ते क्त, टप, च, टक्.

जयवंत घाबरून दिग्दर्शकाकडं बघतो. "काय म्हणतायत?"

सगळे तन्मयकडं बघतात. तन्मय मालनबाईंच्या ओठांकडं बघतो. दिग्दर्शक आहे, पोरांपुढं 'मला कळलं नाही' म्हणायची त्याला सोय नाही.

"कळलं," तो म्हणतो. "राजालाही आवाज नको म्हणतायत. सगळे त्याच्या आरोळीची वाट बघतायत आणि त्याच्या तोंडून नुसतं प. काय भारी आहे, मॅडम."

मालनबाई बाकावर हात आपटतात. चहा सांडतो.

"बघा," तन्मय खूश होऊन म्हणतो, "एकदम पक्कं आहे त्यांचं. चला, शेवटचा प्रवेश घेऊ."

राक्षस भिंतीला ओळीनं उभे राहतात. जयवंत पुढं येतो, छाती भरतो, हात वर करतो, आणि ओठ सोडतो. प. टाळ्या पडतात. मालनबाईंच्या डोक्यात अजून तो दुसरा आवाज घुमतोय, तेच नाव घेऊन, आणि तो ऐकणाऱ्या त्या एकट्याच आहेत. दोन्ही हात मानेमागं नेऊन त्या गाठ चाचपतात. पोत्याची गाठ आहे. ओढली की आवळते.